नदीच्या वाटणीत आपल्या गावाचं नाव कुठं हाये?

(मलकापूर येथे वनगावांच्या बैठकीत आम्हा कार्यकर्त्यांच्या वतीनं केलेलं भाषण. बोललो तसंच बहुतेक ठेवलं आहे.)



धारणीकडचे लोक बऱ्हाणपूरवरून आले. जळगाव जामोद, संग्रामपूरचे काळीपिवळीनं आले. रावेर-यावलचे रेल्वेनं उतरले. मलकापूर म्हटलं की आपल्या लोकांना ठेसनच आठवतं, कारण सुरत-नाशिकला कामाला जायचं तर इथूनच गाडी पकडतात. आज कुठं जायचं नाही. आज बसून नदीवर बोलायचं हाये.

कुणी म्हणेल, मलकापुरात नदी कुठं? इथं नळगंगा आहे. उन्हाळ्यात तिच्यात पाणी कमी अन् कचरा जास्त, पण ती नदीच. ती पूर्णेला मिळते. पूर्णा चांगदेवला तापीला मिळते. तापी मुलताईला उगवते, बैतूल जिल्ह्यात. मेळघाटच्या उत्तरेच्या अंगानं येते, बऱ्हाणपूरवरून खानदेशात उतरते, हतनूर धरणात थांबते, पुढं उकाईच्या धरणात थांबते, आणि सुरतेजवळ समुद्राला जाते. ७२४ किलोमीटर. तीन राज्यं. म्हणजे इथं बसलेला प्रत्येक माणूस, नाल्याकाठचा असो का ओढ्याकाठचा, एकाच नदीचं पाणी पितो.

आता मुद्द्यावर येतो. १० मे २०२५ ला भोपाळमध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आणि मध्य प्रदेशाचे मुख्यमंत्री मोहन यादव यांनी तापीच्या पाण्यावर एका करारावर सह्या केल्या. योजनेचं नाव तापी बेसिन मेगा रिचार्ज. दोन्ही राज्यांचं जे आंतरराज्य नियंत्रण मंडळ आहे त्याची बैठक २५ वर्षांनी झाली, आणि तिथं हे ठरलं. पेपरात फोटो आला, हात मिळवलेले. बरेच जण म्हणाले, बरं झालं, भांडण मिटलं.

भांडण कशाचं होतं ते समजून घेऊ. पाणी वरून येतं मध्य प्रदेशातून, लागतं खाली महाराष्ट्रात. बंधारा घालायला जागा आहे ती दोन राज्यांच्या हद्दीवर, खारिया गुटीघाटला. इकडं अमरावती जिल्हा, तिकडं खंडवा जिल्ह्यातली खालवा तहसील. एकट्या राज्याला काही करता येत नाही. जुन्या योजनेत तिथं ६६ टीएमसीचं मोठं धरण होतं. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी. त्या धरणात १७,००० हेक्टरच्या वर जमीन जात होती, त्यात जंगल, त्यात वाघाच्या राखीव क्षेत्राची जमीन. ७३ गावं आणि साधारण १४,००० माणसं उठणार होती. ती योजना मागं पडली. हे चांगलं झालं, आणि चांगलं झालं ते चांगलं म्हणायला आपल्याला लाज नाही.

नव्या योजनेत ८.३१ टीएमसीचा कमी उंचीचा बंधारा आहे आणि त्यातून दोन कालवे. उजवा कालवा पहिल्या टप्प्यात २२१ किलोमीटर, डावा १३५ किलोमीटरच्या वर. सातपुड्याच्या पायथ्याला दगडगोटे, वाळू, भुसभुशीत जमिनीचा एक पट्टा आहे, त्याला बझाडा म्हणतात. तिथं पाणी सोडलं की लवकर मुरतं आणि खालच्या विहिरींना जातं. योजनेचं डोकं ते आहे. सगळं मिळून ३१ टीएमसीच्या थोडं वर पाणी वापरायचं. मध्य प्रदेशाला ११.७६, महाराष्ट्राला १९.३६. भिजणार मध्य प्रदेशात १,२३,०८२ हेक्टर, महाराष्ट्रात २,३४,७०६ हेक्टर. आपल्याकडं जळगाव, अकोला, बुलढाणा, अमरावती या जिल्ह्यांना लाभ सांगितला आहे.

आणि जमीन लागणार ३,३६२ हेक्टर. त्यावर सरकारचं वाक्य असं, की एकही गाव बाधित होत नाही, म्हणून पुनर्वसनाची गरज नाही.

या वाक्यासाठी आपण आज इथं बसलो आहोत.

३,३६२ हेक्टर म्हणजे ८,३०० एकर. आपल्याकडं एका घराचं शेत दोन हेक्टर धरलं, तर ही १,६८१ घरांची शेतं झाली. सगळीच आपली असतील असं आम्ही म्हणत नाही. त्यात खासगी असेल, पडीक असेल, मोकळं जंगल असेल. पण कालवा पायथ्यानं जातो. पायथ्याला कोण राहतं? डोंगराच्या वर जंगलखातं, खाली केळीवाले आणि कापूसवाले, आणि मधल्या पट्ट्यात आपण. मग त्या जमिनीत आपला एक बांधही नाही हे कुणी तपासलं? इथं तीन तालुक्यांच्या वरची माणसं आहेत. कालव्याची रेघ दाखवणारा नकाशा ज्यांनी पाहिला त्यांनी हात वर करा.

(एकही हात वर आला नाही.)

बघा. म्हणून 'गाव बाधित नाही' याचा अर्थ नीट समजून घ्या. कागदावर गाव म्हणजे महसुली गाव, आणि बाधित गाव म्हणजे ज्याचं गावठाण पाण्यात जातं ते. गावठाण वर राहिलं आणि खालचं शेत गेलं तर गाव बाधित नाही. टोला असेल, टपरी असेल, वीस घरांचा पाडा असेल, त्याचं नाव तलाठ्याच्या वहीत नसेल, तर ते गावच नाही; मग बाधित कुठून होणार? आणि जमीन सातबाऱ्यावर नसून वनखात्याच्या नावावर असेल, तर एका खात्यानं दुसऱ्या खात्याला दिली, झालं. मधल्या माणसाचं नाव अतिक्रमणदार. आजोबानं दगड वेचून बांध घातला, बापानं विहीर खणली, आणि कागदावर ते अतिक्रमण. ज्यांची नोंद नाही त्यांना उठवावं लागत नाही, ते आधीच नसतात.

आता थोडं मागं जाऊ. म्हाताऱ्या माणसांना हे माहीत आहे, पोरांना नाही. १ नोव्हेंबर १९५६ च्या आधी बुलढाणा, अमरावती, अकोला हे जिल्हे मध्य प्रदेशातच होते आणि राजधानी नागपूर होती. खंडवा, बऱ्हाणपूरही त्याच राज्यात. म्हणजे आपल्या आजोबांच्या काळी मेळघाटजवळ तापीचे दोन्ही काठ एकाच राज्याचे होते. कोरकू इकडंही आणि खालव्यातही. भिलाला इकडंही आणि बऱ्हाणपूरकडंही. सोयरीक नदीपलीकडं, देव नदीपलीकडं, बाजार नदीपलीकडं. मग भाषेवर राज्यं झाली, मराठी एकीकडं, हिंदी दुसरीकडं. कोरकू बोलणाऱ्याला कुणी विचारलं नाही तुझं राज्य कोणतं. हद्दीची रेघ नदीत पडली, आणि मामा परराज्यातला झाला.

त्याच वर्षी, १९५६ लाच, दिल्लीनं दुसरा एक कायदा केला: आंतरराज्य नदी पाणी तंटा कायदा. दोन राज्यांत पाण्याचं भांडण झालं तर लवाद नेमायचा. पण लवादाकडं तक्रार कोण करू शकतं? फक्त राज्य सरकार. गाव नाही, जमात नाही, ग्रामसभा नाही. संविधानाच्या कलम २६२ खाली अशा तंट्यात कोर्टालाही बाजूला ठेवता येतं. कायद्याच्या डोळ्यानं नदी सरकारांची आहे. आपण नदीत मासे धरतो, झिरे खणून पाणी भरतो, ढोरं पाजतो, मयतीनंतर तिथंच आंघोळ करतो. पण नदीवर भांडायला आपल्याला उभं राहता येत नाही. आपल्या वतीनं सरकार भांडतं म्हणे. कसं भांडतं ते नर्मदेवर बघितलं.

नर्मदेची गोष्ट इथल्या बऱ्याच लोकांना तुकड्या-तुकड्यानं माहीत आहे. सगळी एकत्र सांगतो, कारण उद्या आपल्यावर काय येऊ शकतं ते त्यात दिसतं.

गुजरात, मध्य प्रदेश, महाराष्ट्र, राजस्थान यांच्या भांडणासाठी १९६९ ला लवाद बसला. दहा वर्षं चालला. डिसेंबर १९७९ ला निकाल आला. नदीत २८ वाटे पाणी धरलं, म्हणजे २८ दशलक्ष एकर-फूट. त्यातले सव्वाअठरा मध्य प्रदेशाला, नऊ गुजरातला, अर्धा राजस्थानला, आणि महाराष्ट्राला पाव. २८ मधला पाव. वीज मात्र महाराष्ट्राला २७ टक्के ठरली. आणि या पाव वाट्यासाठी, या विजेसाठी, महाराष्ट्रानं काय दिलं? अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं. सगळी आदिवासी. मणिबेलीपासून सुरुवात. वीज मुंबई-पुण्याकडं जायची होती, ती गावं स्वतः कंदिलावर होती.

लवादाचा निकाल सगळा वाईट नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. ज्याची पाव हिश्शाच्या वर जमीन जाते त्याला जमिनीच्या बदल्यात जमीन, कमीत कमी दोन हेक्टर, पाण्याखालची, आणि तीही पाणी चढायच्या एक वर्ष आधी. त्या काळी असं कुठंच लिहिलेलं नव्हतं. पण जमीन कुणाची? ज्याच्या नावावर आहे त्याची. अक्राणीत कित्येक गावांची मोजणीच झालेली नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन वनखात्याची. म्हणजे चांगल्यात चांगला निकाल आला तरी आपला माणूस त्याच्या दाराबाहेर.

पुढं जे काही मिळालं ते लोक उठले म्हणून मिळालं. गुजरात सरकारनं १९८७ ला अतिक्रमणदारालाही दोन हेक्टर द्यायचं धोरण केलं. महाराष्ट्राचं धोरण वेगळं, मध्य प्रदेशाचं अजून वेगळं. पाणी एक, धरण एक, बुडणं एक, आणि काठ बदलला की नियम बदलला. भाऊ पलीकडच्या काठावर असेल तर त्याला जास्त, तुला कमी. नर्मदा बचाओ आंदोलनानं वर्षानुवर्षं लढून जागतिक बँकेला १९९३ ला या धरणातून बाहेर काढलं, सारं जग बघत होतं. तरी १८ ऑक्टोबर २००० ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल धरणाच्या बाजूनं गेला आणि २०१९ च्या सप्टेंबरात पाणी १३८.६८ मीटरला टेकलं.

अजून एक गोष्ट, ती बोलायला जड जाते. महाराष्ट्रातल्या विस्थापितांना बसवायला सरकारनं तळोद्याचं जंगल तोडून जमीन काढली, चार हजार हेक्टरच्या वर. त्या जंगलात आधीच आदिवासी कसत होते. त्यांच्याकडंही कागद नव्हता. एका आदिवासीला बसवायला दुसऱ्या आदिवासीचं शेत! दोघांत भांडणं लागली, आणि खरं सांगायचं तर दोघंही खरे होते. कागद नसलेला माणूस दोनदा मरतो, एकदा पाण्यात अन् एकदा पुनर्वसनात.

उकाईचंही तेच. तापीवरचं हे धरण १९७२ ला पुरं झालं. दीडशेच्या वर गावं गेली, बहुतेक आदिवासींची. त्या वेळी आंदोलन नव्हतं, लवाद नव्हता, म्हणून त्यांची गोष्ट कुणाला पाठही नाही. सुरतेला कामाला जाणाऱ्या पोरांनो, त्या शहराच्या नळाला जे पाणी येतं ते कुणाच्या शेतावरून येतं ते माहीत असू द्या.

आता तुम्ही म्हणाल, हे दोन राज्यांचं झालं, देशादेशांत काय होतं? एप्रिल २०२५ पासून सिंधूच्या पाण्याच्या बातम्या चालू आहेत. १९६० ला भारत आणि पाकिस्ताननं सिंधू पाणी करार केला. सहा नद्या वाटल्या. रावी, बियास, सतलज भारताला, सिंधू, झेलम, चिनाब पाकिस्तानला. पहलगामच्या हल्ल्यानंतर २३ एप्रिल २०२५ ला भारतानं तो करार स्थगित केला. टीव्हीवर मोठमोठ्यानं बोलतात, पाणी तोडू, पाणी अडवू. त्या करारानंतर पाकिस्ताननं झेलमवर मंगला धरण बांधलं. मीरपूर नावाचं आख्खं जुनं शहर आणि एक लाखाच्या वर माणसं उठली. ते आपले शत्रू म्हणून सोडून द्यायचं का? आपण तर म्हणू, धरणात घर गेलेला माणूस कुठल्याही देशाचा असो, तो आपल्या नात्यातला.

त्याच्याही जवळची गोष्ट चाकमा लोकांची आहे. चाकमा म्हणजे डोंगरातली जमात, आपल्यासारखीच झूम शेती करणारी, स्वतःची भाषा असणारी. त्यांचा डोंगर आज बांगलादेशात आहे, तेव्हा पूर्व पाकिस्तान होतं. तिथं कर्णफुली नदी आहे. ती उगवते मिझोरामच्या डोंगरात, म्हणजे भारतात, आणि जाते तिकडं. तिच्यावर १९६२ ला कप्ताई धरण झालं. ५४,००० एकर शेतजमीन पाण्यात गेली, त्या डोंगरातल्या चांगल्या शेतजमिनीचा चाळीस टक्के भाग. एक लाखाच्या आसपास माणसं उठली, बहुतेक चाकमा. त्यांच्या राजाचा वाडाही बुडाला. वीज खालच्या शहरांना गेली. त्यातले हजारो लोक हद्द ओलांडून भारतात आले, सरकारनं त्यांना आजच्या अरुणाचलात नेऊन बसवलं. साठ वर्षं झाली. त्यांच्या नागरिकत्वाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात दोनदा गेला, १९९६ ला आणि २०१५ ला, आणि अजून पुरता सुटला नाही. तिथले आदिवासी म्हणतात हे बाहेरचे. पहिल्या देशानं बुडवलं, दुसऱ्या देशानं कागद दिला नाही. तळोद्याची गोष्ट आठवा.

हे सगळं ऐकून कुणी म्हणेल, मग काय, कालवाच नको? थांबा. आम्ही तसं म्हणायला आलो नाही, आणि इथं कुणी घाईनं 'नको'चा ठराव मांडू नये अशी आमची विनंती आहे. कारण या मलकापूरपासून नांदुरा, शेगाव, संग्रामपूर, पुढं अकोल्यापर्यंत पूर्णेचा खारपाणपट्टा आहे. बोअर मारली की खारं पाणी. त्या पाण्यानं माणसांच्या किडन्या गेल्या, घरोघरी गेल्या. तिथं मजुरीला जाणारे आपणच आहोत, तेच पाणी आपणही पितो. रावेर-यावलकडं विहिरी इतक्या खोल गेल्या की दोर पुरत नाही. केळीवाल्यानं उपसा करून स्वतःच पाणी संपवलं हे खरं, पण त्याच्या मजुराची तहानही खरी. गोडं पाणी जमिनीत मुरवायला आपला विरोध काहून असेल? आपला डोंगर तर हजारो वर्षं तेच काम करतो आहे. झाडं ठेवली, नाले ठेवले, म्हणून पायथ्याच्या विहिरीला पाणी आलं. त्याचं बिल आपण कधी लावलं नाही.

आपलं म्हणणं एवढंच, की वाटणीच्या पाटावर आम्हालाही बसवा. रेघ ओढायच्या आधी नकाशा गावात आणा. कुणाचं शेत, कुणाची विहीर, कुणाचा देव रेघेत येतो ते गावासमोर मोजा. आणि पाणी आमच्या अंगणातून जाणार असेल तर आमच्या शेतालाही त्यातलं द्या. पायथ्याच्या वरचे कोरडे आणि खालचे ओले, ही वाटणी आम्हाला मान्य नाही.

हे मागायला आपल्या हातात काय आहे? २००६ चा वनहक्क कायदा आहे. त्यातलं कलम ४(५) पोरांनी पाठ करा: हक्काची तपासणी आणि मान्यता पुरी होईपर्यंत वनजमिनीवरून कुणाला उठवता येत नाही. ३ ऑगस्ट २००९ ला पर्यावरण मंत्रालयानं परिपत्रक काढलं, की वनजमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर ग्रामसभेचा ठराव लागेल. त्याच जोरावर ओडिशात नियमगिरीला डोंगरिया कोंध लोकांनी खाण अडवली. १८ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं ग्रामसभांना विचारा, आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी नाही म्हटलं.

पण त्याच वर्षी ५ फेब्रुवारीला मंत्रालयानं दुसरं परिपत्रक काढलं, ते आपल्या कामाचं आहे आणि ते कुणी सांगत नाही. त्यात लिहिलं, की रस्ते, कालवे, पाईपलाईन, विजेच्या तारा अशा लांबच्या लांब पट्ट्यानं जाणाऱ्या कामांना ग्रामसभेच्या संमतीची गरज नाही. अतिदुर्बळ जमातींचे मान्य झालेले हक्क आड येत असतील तेवढीच सूट. कालवे! नाव घेऊन लिहिलं आहे. मग २०२२ च्या नियमांत वनहक्काचं बघायचं काम राज्यावर ढकललं, आधी दिल्लीची मंजुरी आणि मग खाली चौकशी. म्हणजे बंधाऱ्यासाठी विचारतील कदाचित, कालव्यासाठी 'विचारायची गरज नाही' म्हणतील.

बुलढाणा जिल्ह्याची अजून एक अडचण. धारणी-चिखलदरा अनुसूचित क्षेत्रात आहे, रावेर-यावल-चोपडा आहे, तिथं पेसा लागू. बुलढाणा त्यात नाही. जळगाव जामोद, संग्रामपूरचे आदिवासी तेवढेच आदिवासी, तोच डोंगर, पण पेसा नाही. म्हणून इथल्या गावांना वनहक्क कायदा हाच एक दोर आहे. तो दोर सैल सोडू नका.

परिपत्रकानं संमती काढून घेतली तरी हक्क काढून घेता येत नाही, कारण हक्क कायद्यात आहे. पण तो हक्क दाव्यात लिहिलेला पाहिजे. दावा टाकलाच नाही तर कलम ४(५) कुणासाठी वापरणार? आमच्याकडच्या किती गावांत वैयक्तिक दावे टाकले आणि सामूहिक दावा टाकलाच नाही? बरीच. कुणी म्हणतं शेत मिळालं की बस. शेताचा पट्टा शेतापुरता. नाला, डोह, चराई, मोहाची झाडं, देवाचं ठिकाण, मसणवटा हे सगळं सामूहिक दाव्यात येतं. आणि इथं बघा, कलम ३(१)(घ) मध्ये मासे आणि पाण्यातल्या इतर उत्पन्नावर गावाचा हक्क लिहिलेला आहे. म्हणजे लवादात आपल्याला जागा नसली तरी या कायद्यात नदी आपल्या नावावर लिहायची जागा आहे, छोटी का असेना. ती कुणी भरली नाही. भरा. नदीच्या प्रत्येक डोहाला आपल्याकडं नाव आहे. ते नाव दाव्यात लिहा, कोरकूत असेल तर कोरकूत लिहा, भिलालीत असेल तर भिलालीत, खाली मराठीत अर्थ लिहा. कुठल्या महिन्यात कोणते मासे, कुठल्या उतारावरून पलीकडं जातो, कुठं झिरे खणतो, सगळं. हे म्हाताऱ्या बायांना जास्त माहीत आहे, त्यांना विचारून लिहा. पुरुष मंडळी दावा लिहायला बसली की पाणवठा विसरतात, हे आम्ही दहा गावांत बघितलं.

पुराव्याला घाबरू नका. वयस्क माणसाचा जबाब पुरावा आहे. जुना बांध, विहीर, मसणवटा, देवाचा दगड, हाही पुरावा आहे. नियमात तसं लिहिलं आहे. एका कार्यालयात आमच्या लोकांना सांगितलं की दंडाची पावती नाही तर दावा घेत नाही. ते चूक आहे; अमुकच कागद पाहिजे म्हणून दावा नाकारता येत नाही. नाकारला तर लेखी मागा, आणि साठ दिवसांत वर अर्ज करा. तोंडी 'नाही' ऐकून परत येऊ नका.

आता नदीपलीकडचं. खालव्याकडचे, बऱ्हाणपूरकडचे आपले सोयरे आज थोडे आले आहेत. दोन राज्यांनी करार केला, तर दोन्ही काठांच्या गावांनीही एकच ठराव करावा, हा आमचा प्रस्ताव. इकडच्या ग्रामसभेत जो मजकूर तोच तिकडच्या ग्रामसभेत, एकदा मराठीत एकदा हिंदीत. नर्मदेवर काठाकाठाचा नियम वेगळा झाला, तसं इथं होऊ द्यायचं नाही. जे इकडच्याला ते तिकडच्याला, हे पहिल्याच ओळीत लिहू. मग दोन जिल्हाधिकाऱ्यांकडं एकाच दिवशी द्यायचा, दोन्हीकडची पोहोच घ्यायची.

ठरावात काय मागायचं ते आम्ही कच्चं लिहून आणलं आहे, तुम्ही बदला. बंधाऱ्याचं पाणी कुठपर्यंत चढणार आणि कालवे कुठून जाणार याचा गट नंबर आणि वनकंपार्टमेंट नंबरसकट नकाशा. त्या ३,३६२ हेक्टरपैकी वनजमीन किती आणि तिच्यावर किती दावे पडून आहेत त्याची यादी. पडून असलेले दावे निकाली निघेपर्यंत मोजणीचे दगड रोवू नयेत. टोले-पाडे ज्यांची नोंद नाही त्यांना कलम ३(१)(ज) खाली महसुली गाव करावं. आणि पायथ्याच्या वरच्या शेतांना पाणी उचलून देण्याची सोय योजनेतच असावी.

चहा झाल्यावर तालुक्यावार बसायचं. धारणीवाले खिडकीकडं, जळगाव-संग्रामपूर मधे, रावेर-यावल दाराजवळ, पलीकडच्या सोयऱ्यांना ज्यांची ओळख आहे त्यांच्यासोबत बसवा. प्रत्येक गावानं तीन गोष्टी कागदावर लिहून द्यायच्या: किती वैयक्तिक दावे टाकले, किती पडून आहेत, सामूहिक दावा टाकला का नाही. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं बारावीवाली पोरं लिहून घेतील. सामूहिक दाव्याचे कोरे नमुने टेबलावर ठेवले आहेत, प्रत्येक गावाला दोन. एक भरायचा, एक जपून ठेवायचा. संध्याकाळची भुसावळची गाडी ज्यांना पकडायची आहे त्यांनी आधी आपलं लिहून घ्या.